तळपायांकडे रोज बघा

रात्री अंथरुणावर पडलं की माझ्या तळपायांना मुंग्या येतात, कधी आग होते. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसांना इजा होते. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून. मला मात्र मुंग्यांपेक्षा बधिरपणाची भीती जास्त वाटते. दुखतच नाही, मग जखम कळणार कशी? म्हणून रोज संध्याकाळी आरसा धरून मी तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते. आंघोळीचं पाणी आधी कोपरानं तपासते. घरातही चप्पल. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालूनच प्रदक्षिणा घालते. त्यात देवाचा अनादर नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन हे औषध बरीच वर्षं घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानंही मुंग्या येतात. डॉक्टरांना बी-१२च्या तपासणीबद्दल जरूर विचारा. बधिर पाय गरम पिशवीनं शेकू नका. आणि वर्षातून एकदा पायांची संवेदना तपासून घ्याच.