पेशींचें कोठार

कोलेस्टेरॉल म्हणजे केवळ शत्रू, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आपल्या पेशींचें आवरण त्याच्यावांचून धड राहत नाहीं. तें पाण्यांत विरघळत नसल्यामुळें प्रथिनवेष्टित कणांत बसून रक्तांतून प्रवास करतें. पेशीवरील ग्राहक-प्रथिनें, म्हणजे जणूं तिचीं दारें, हे कण आंत घेतात. गरजेपुरतें वापरून उरलेलें कोलेस्टेरॉल स्निग्धाम्लाशीं जोडून पेशी स्नेहबिंदूंत सांठविते. आणि पुरेसें झालें कीं, काटकसरी गृहिणीप्रमाणें दारें कमी करिते. हें रहस्य उलगडल्याबद्दल अमेरिकेंतील डॅलसच्या ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यांना हीं दारें जन्मतःच नसतात, त्यांना बालपणींच हृदयविकार गांठूं शकतो. म्हणून ज्या घराण्यांत तरुणपणीं हृदयविकार झाला असेल, तेथें मुलांचें रक्त वेळींच तपासून घ्यावें.