पत्राचा शिक्का आणि पत्राचा साचा

पत्राच्या बाबतीत आपली जुनी माणसे मोठी धोरणी. 'स. न. वि. वि.' लिहिले की निम्मे पत्र झाले, शेवटी 'कळावे, लोभ असावा' म्हटले की उरलेले झाले. मधला मजकूर तेवढा नवा. आता बँक, वीज कंपनी, ठिबकवाले, द्राक्षांचे व्यापारी यांच्याशी ईमेलने लिहिणे होते, आणि आपण दर खेपेला नाव, गाव, गट नंबर पहिल्यापासून लिहीत बसतो. त्यात एक आकडा चुकला की पडली तालुक्याला खेप!

ही दगदग जीमेलमध्ये वाचते. संगणकावर जीमेल उघडून वर उजवीकडचे दातेरी चाक दाबा आणि सगळ्या सेटिंग्ज उघडा. 'जनरल'मध्ये खाली उतरत गेलात की 'सिग्नेचर' सापडेल. हिला सही म्हणण्यापेक्षा रबरी शिक्का समजा, कारण ती प्रत्येक पत्राखाली आपोआप उमटते. नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि फोन लिहा. पानाच्या तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबल्याशिवाय मात्र काही टिकत नाही, बरे का!

आधार नंबर आणि बँकेचे खाते या शिक्क्यात कदापि घालू नका. शिक्का माणूस पाहून उमटत नाही. अनोळखी व्यापाऱ्याला नुसता भाव विचारलात, तरी त्याखाली तो जाणारच.

वारंवार लागणाऱ्या अर्जासाठी साचा ठेवावा. सेटिंग्जमधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'टेम्प्लेट्स' सुरू करून बदल सेव्ह करा. मग पत्र लिहा, खालचा शिक्का पुसा (नाहीतर पुढे तो दोनदा यायचा) आणि तीन टिंबांवर दाबून पत्र टेम्प्लेट म्हणून साठवा. तारीख, रक्कम, पावती नंबर जिथे बदलणार, तिथे मागचे आकडे न ठेवता ठळक फुल्या मारा. राहून गेलेली फुली डोळ्यांना खुपते. जुनी तारीख खुपत नाही, ती तशीच साहेबांच्या टेबलावर जाते.

फोनवरच्या जीमेलमध्ये हे साचे मिळत नाहीत. तिथे गूगलच्या कीबोर्डमधली 'पर्सनल डिक्शनरी' कामी येते. पूर्ण पत्ता एकदा भरून त्याला दोन-तीन अक्षरांची खूण द्या. खूण टाइप केली की पत्ता वर सुचवला जातो.

आणि हे सारे सेवा केंद्रातल्या संगणकावर केलेत, तर उठण्यापूर्वी 'साइन आउट' करूनच उठा.