माझा माझाच टीआरपी

तुमचा रेझ्युमे उघडा. हो, आत्ताच. सगळ्यात खाली, कोणकोणत्या भाषा येतात त्याच्या आसपास एक ओळ असेल, 'हॉबीज' नावाची. त्यात 'रीडिंग' लिहिलंय? मग पुढचं जरा वाचा. माझ्याही रेझ्युमेत ते होतं आणि याच इंटर्नशिपच्या मुलाखतीत त्या एका शब्दानं माझी विकेट काढली.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "वाचतेस?" मी म्हटलं, "हो, मागच्या वर्षी 52 पुस्तकं." आकडा तोंडपाठ होता. फोनमधल्या ॲपवर वर्षाच्या सुरुवातीला टार्गेट लावलं होतं, आठवड्याला एक पुस्तक, आणि 31 डिसेंबरला रात्री साडेअकराला ते पूर्ण झाल्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला होता. मॅडम काही इम्प्रेस वगैरे झाल्या नाहीत. "त्यातलं एखादं सांग," म्हणाल्या. मी 'कोसला' म्हटलं. सेफ उत्तर. वर आगाऊपणा करत म्हटलं, "दुसऱ्यांदा वाचली." त्या खुश झाल्या. "अरे वा! मग दुसऱ्यांदा वाचताना काय वेगळं वाटलं?"

आता खरं सांगते. दुसऱ्यांदा मी ती वाचलीच नव्हती. बारावीच्या सुट्टीत एकदा वाचली होती, तेवढंच. मागच्या फेब्रुवारीत वाढदिवसाला कॉलेजमधल्या मैत्रिणीनं तिची स्वतःची कॉपी दिली. आधी वाचलेलीच आहे, उगाच आठवडा कशाला घालवा, म्हणून मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि ॲपवर 'वाचून झालं'वर टिक केलं. पाच तारे दिले. 52 मधलं एक.

मुलाखतीत मी तीन-चार मिनिटं काहीतरी बोलले. 'अस्तित्ववाद' हा शब्द दोनदा वापरला. मॅडमनी पाणी पुढे केलं.

गंमत म्हणजे कॉलेजात आम्ही टीआरपीवर तासन् तास तोंडसुख घेतलंय. मास कॉमच्या कोणत्याही वर्गात जा, टीआरपीला शिव्या घालणं हा तिथला आवडता छंद. तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात: बार्क ही संस्था देशभरातल्या काही निवडक घरांमध्ये मीटर बसवते, त्या घरांत कोण काय बघतंय यावरून अख्ख्या देशाचा अंदाज काढला जातो आणि दर गुरुवारी आकडे येतात. त्या गुरुवारवर मालिकेतल्या सासूचं मरण आणि सुनेचा पुनर्जन्म अवलंबून. 2020 मध्ये या आकड्यांत फेरफार केल्याच्या आरोपांवरून एवढा गदारोळ झाला, की वृत्तवाहिन्यांचे आकडे वर्षभराहून जास्त काळ बंद होते. आम्ही असाइनमेंटमध्ये लिहायचो, की आकडा हेच ध्येय झालं की मजकुराचं वाटोळं होतं. मला त्यात चांगले मार्क मिळाले होते. आणि घरी मी स्वतःलाच मीटर लावून बसले होते.

पुस्तकांपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण सवय पसरते. सिरीज मी दीडपट वेगानं बघायला लागले. "सगळे बघतायत, मागे पडायला नको." नेटफ्लिक्सनं 2019 मध्ये वेग बदलायच्या सोयीची चाचणी सुरू केली तेव्हा जड ॲपटाऊसारख्या दिग्दर्शकानं जाहीर नाराजी दाखवली होती. तेव्हा मला वाटलं होतं, किती नाटकं करतात हे लोक! आता वाटतं, बिचाऱ्यानं एखादा पॉज कुठे किती ठेवायचा यावर भांडणं केली असतील आणि इकडे मी लोकलमध्ये, कळव्याच्या आत, तो पॉज गिळून टाकत होते. एकदा तर एका सिरीजचा सातवा भाग संपत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा मी आधीच बघितलाय.

याउलट आमचे बाबा. त्यांच्याकडे यादी नाही, टार्गेट नाही. टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की बसतात. 1988 चा सिनेमा. मधूनच लागलेला असला तरी बसतात, जाहिरातींसकट बघतात आणि विनोद यायच्या आधीच हसायला सुरुवात करतात. मी विचारलं, "बाबा, किती वेळा पाहिलायस?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय? लागला की बघतो." मी मनात म्हटलं, केवढा वेळ वाया. त्या दिवशी मी दोन सिनेमे 'उरकले' होते आणि आज त्यातल्या एकाचं नाव आठवायला मला फोन उघडावा लागेल.

गेमचं तर विचारूच नका. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. 19 वर्षांची मुलगी, फायनलला समोर कोनेरू हम्पी, टायब्रेकमध्ये डाव मारला आणि एकही नॉर्म हातात नसताना थेट ग्रँडमास्टर. आमच्या अख्ख्या ग्रुपनं त्या आठवड्यात चेसचं ॲप घेतलं. मीही. पहिला महिना धमाल होती. मग रेटिंग हजाराच्या वर गेलं आणि माझं डोकंही. लहान भाऊ पट मांडून बोलवायचा तेव्हा मी टाळायला लागले. कारण? तो कच्चा खेळतो आणि त्याच्याशी जिंकून रेटिंग वाढत नाही. हे वाक्य मी त्याच्या तोंडावर बोललेय. तो आठवीत आहे. त्यानं पट आवरला आणि तोही फोन घेऊन बसला.

'वर्डल' आठवतंय? जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनीअरनं तो शब्दखेळ मुळात त्याच्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी बनवला होता. तिला शब्दकोडी आवडतात म्हणून. रोज एकच शब्द, संपलं, उद्या या. मला ती कल्पना फार आवडायची. पण आम्ही काय केलं? सलग किती दिवस जिंकलो याचा हिशेब सुरू केला. माझे 94 दिवस झाले होते. कोल्हापूरला मामेबहिणीच्या हळदीच्या रात्री सगळे अंगणात नाचत होते आणि मी बारा वाजायच्या आत शब्द सापडावा म्हणून सामानाच्या खोलीत चार्जरला चिकटून बसले होते. 94 चे 95 झाले. हळदीच्या एकाही फोटोत मी नाहीये.

एक मान्य करते, मोजणं म्हणजे पापच असं मला वाटत नाही. फर्स्ट इयरला रील्समध्ये बुडालेल्या मला त्याच टार्गेटनं बाहेर काढलं होतं. पहिली बारा-पंधरा पुस्तकं मी खरोखर वाचली. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (1893 पासूनचं आहे ते, उगाच नाही सांगत) तेव्हाच पहिल्यांदा गेले. कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या मागे चिकटवलेला तो तारखांच्या शिक्क्यांचा कागदही एक प्रकारचं मोजमापच असतो. फक्त तो मोजतो पुस्तकाला, आपल्याला नाही. माझं बिघडलं कुठे ते मला नेमकं सांगता येतं: साधारण विसाव्या पुस्तकानंतर मी दुकानात पुस्तक उचललं की आधी शेवटचं पान उघडून किती पानांचं आहे ते बघायला लागले.

तर, मुलाखतीहून घरी आले. लाज वाटत होती. 'काय वेगळं वाटलं' याचं उत्तर निदान स्वतःला तरी द्यावं म्हणून मैत्रिणीनं दिलेली 'कोसला' कपाटातून काढली. नेमाड्यांचं हे पुस्तक 1963 मध्ये आलं, तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे माझ्याहून फार मोठे नव्हते. सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला येतो, काही जमत नाही, शेवटी गावी परत जातो. मला शेवट आठवत नव्हता म्हणून मी शेवटचा भाग उघडला.

समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मैत्रिणीचं अक्षर, बारीक, डावीकडे झुकलेलं.

"इथे आले आणि थांबले. मलाही घरी जावंसं वाटतंय. कायमचं. तुला सांगायचं होतं, पण तू घाईत असतेस. वाचशील तेव्हा विचार."

ती यवतमाळची. हॉस्टेलला राहायची. पुस्तक दिल्यानंतर आठवड्यानं तिनं मला विचारलं होतं, "वाचलंस?" तिला ॲपवर दिसलंच होतं, वाचून झालं, पाच तारे. मी म्हटलं होतं, "हो, भारी!" ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "शेवटपर्यंत?" मी म्हटलं, "हो गं." मला वाटलं, ही परीक्षा घेतेय. मार्चमध्ये ती शेवटचं सेमिस्टर अर्ध्यावर सोडून घरी निघून गेली. आम्ही सगळे म्हणत राहिलो, काही बोलली पण नाही, कमाल आहे. सगळ्यात जास्त मीच म्हणत होते.

त्या पानाचा फोटो काढून तिला पाठवला. सोबत काय लिहू कळेना, म्हणून नुसताच फोटो. दोन निळ्या टिका आल्या. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आत्ता वाचलंस?"

"हो."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, वाचून पण काही बोलली नाहीस." ते ऐकून मला जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही. ती आता बरी आहे. राहिलेली परीक्षा नंतर दिली, तिथेच एका शाळेत शिकवते. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवताना फक्त म्हणाली, "शेवटूनच उघडलंस ना? आधीच्या पानांवर पण आहे लिहिलेलं."

ॲपवरची ती टिक मी काढलीये. मागच्या वर्षाचे 51 झाले. आणि 'कोसला' पहिल्या पानापासून वाचतेय. पानं भराभर उलटून तिच्या सगळ्या नोंदी एकदम शोधायचा मोह होतो, पण ते नको. आत्तापर्यंत तीन सापडल्यात. दोन माझ्यासाठीच ठेवते. तिसरी सांगवीकर मेसचा कारभार बघतो तिथली आहे, त्यात तिनं आमच्या हॉस्टेलच्या वरणाला एक अस्सल शिवी घातलीये, जी इथे छापता येणार नाही.