पटावरील युद्धखेळांतील प्राथमिक नियम व संपूर्ण नियम : देशी बुद्धिबळाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पटावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत नियमांची संख्या हा नवशिक्यापुढील पहिला अडसर असतो. त्यामुळे अशा अनेक खेळांची दोन रूपे आढळतात : आरंभासाठी सुटसुटीत नियम आणि जाणकारांसाठी संपूर्ण नियम. सुटसुटीत रूप मूळ खेळाकडे नेणारी पायरी ठरते की वेगळ्याच खेळाची सवय लावते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः बुद्धिबळाच्या आधारे केला आहे. बुद्धिबळास युद्धखेळ म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. चतुरंग सेनेतील हत्ती, घोडा व पायदळ आजही आपल्या पटावर उभे आहेत.

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बुद्धिबळ बहुधा घरी, काका-आजोबांकडून शिकून आलेला असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मात्र त्याला आंतरराष्ट्रीय नियम पाळावे लागतात. म्हणून हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही.

देशी पद्धतीचे स्वरूप

देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते. राजा व हत्ती यांची एकत्रित चाल, म्हणजे किल्लेकोट, तीत नाही. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची चाल खेळण्याची मुभा असते. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे खेळाडूच्या इच्छेनुसार बदलत नाही. ते ज्या उभ्या पट्टीत पोहोचते त्या पट्टीचे मोहरे बनते : उंटाच्या पट्टीत उंट, हत्तीच्या पट्टीत हत्ती. प्रांतोप्रांती यांत बारीकसारीक फरक होते. तथापि मूळ चौकट हीच.

या पद्धतीला अनेकदा ‘सोपे’ किंवा ‘अडाणी’ बुद्धिबळ म्हटले जाते, ते योग्य वाटत नाही. प्याद्याच्या बढतीचा देशी नियम आंतरराष्ट्रीय नियमापेक्षा सोपा तर नाहीच, उलट अधिक गुंतागुंतीचा आहे. कोणत्या पट्टीतून प्यादे पुढे न्यावयाचे याचा विचार खेळाच्या मध्यापासूनच करावा लागतो. देशी बुद्धिबळ हा कोणा मोठ्या खेळाचा प्राथमिक भाग नसून स्वतःच्या तर्काने परिपूर्ण असा स्वतंत्र खेळ होता. दोन्ही पद्धतींतील हा भेद जुन्या जाणकारांस ठाऊक होता. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप 1814 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले, तेव्हा ते युरोपीय खेळपद्धतीस अनुसरून सिद्ध केल्याचे ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद होते.

एका पद्धतीतून दुसरीत जाणे किती कठीण, याचे सर्वपरिचित उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खान यांचे आहे. बालपणी वडिलांकडून ते देशी बुद्धिबळ शिकले. 1929 मध्ये इंग्लंडला जाऊन त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि 1932 व 1933 मध्ये ते पुन्हा जिंकले. माजी विश्वविजेते कापाब्लांका यांचाही त्यांनी पराभव केला. तरी डावाचा आरंभ हा त्यांच्या खेळातील दुबळा भाग राहिला. त्याचे एक कारण उघड आहे : प्यादे एकेक घर सरकते तेथे सैन्ये उशिरा भिडतात, आणि दोन घरांच्या चालीमुळे होणारी लवकरची झटापट देशी पटावर अनुभवासच येत नाही. सुलतान खान असामान्य होते म्हणून तरले. सामान्य विद्यार्थ्याकडून ही अपेक्षा कशी करावी?

वगळलेला नियम आणि बदललेला नियम

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. नियम वगळणे वेगळे आणि नियम बदलणे वेगळे. वगळलेला नियम पुढे जोडता येतो. बदललेला नियम आधी विसरावा लागतो.

आधुनिक युद्धखेळांत याचे बोलके उदाहरण सापडते. अमेरिकेतील अॅव्हलॉन हिल या प्रकाशनसंस्थेने 1977 मध्ये जॉन हिल यांचा ‘स्क्वाड लीडर’ हा दुसऱ्या महायुद्धातील तुकड्यांच्या लढाईवरील खेळ काढला. त्याची रचना अभ्यासक्रमासारखी होती : थोडे नियम वाचावेत, त्यावर आधारित लढाई खेळावी, मग पुढचे नियम घ्यावेत. पहिल्या लढाईत फक्त पायदळ होते. कल्पना उत्तम होती. परंतु पुढील पुरवणी संचांनी आधी शिकविलेलेच काही नियम बदलले आणि 1985 मध्ये ‘अॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ या नावाने संपूर्ण नियमावली नव्याने लिहावी लागली. या प्रचंड नियमावलीसाठी 2004 मध्ये प्राथमिक संच निघाला. त्यात प्रथम पायदळ, 2005 च्या संचात तोफा व 2007 च्या संचात रणगाडे आले. लपून राहण्याचे आणि आगीचे नियम वगळले, परंतु प्रत्येक फेरीचे आठ टप्पे मूळ खेळातलेच ठेवले. त्यामुळे प्राथमिक संचावरून पुढे जाणाऱ्यास शिकलेल्या चौकटीतच भर घालावयाची असते. कित्येक जण पुढे जातही नाहीत, आणि त्यात काही वावगे नाही.

जोडीने येणारे नियम

नियम वगळतानाही एक पथ्य पाळावे लागते. काही नियम जोडीनेच अर्थपूर्ण असतात. खेळास गती यावी म्हणून युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा मिळाली. पण त्यामुळे शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवून निसटण्याची सोय झाली. म्हणून दोन घरे ओलांडून शेजारी आलेल्या प्याद्याला लगेचच्या चालीत, जणू ते एकच घर आले आहे असे समजून, मारण्याचा नियम आला. देशी पद्धतीत हे दोन्ही नियम नाहीत, म्हणून ती सुसंगत आहे. आपल्या घराघरांत मात्र दोन घरांची चाल आली आणि तिचा प्रतिबंधक नियम मागेच राहिला. ही मिश्र पद्धतच अधिक अडचणीची.

यास्तव शिकविताना प्रथम दोन्ही बाजूंची केवळ आठ-आठ प्यादी मांडावीत, जो आधी शेवटच्या घरात पोहोचेल तो विजयी ठरवावा आणि प्याद्यांच्या चालीचे सर्व नियम, वाटेत मारण्याच्या नियमासह, पहिल्याच दिवशी द्यावेत. सोळा मोहऱ्यांच्या गर्दीत हा नियम ‘अवघड’ वाटतो. नुसत्या प्याद्यांत तो सहज उमगतो. त्यानंतर राजा, मग हत्ती, आणि हे दोन्ही पटावर आल्याबरोबर किल्लेकोट. घोडा शेवटी आला तरी चालेल.

स्पर्धेच्या दृष्टीने याचा परिणाम थेट आहे. नियमित वेळेच्या डावात पहिल्या नियमबाह्य चालीबद्दल प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे अधिक मिळतात आणि दुसऱ्या नियमबाह्य चालीला सामान्यतः डाव गमवावा लागतो. घरच्या सवयीने दोन प्यादी एकदम एकेक घर सरकविणारा विद्यार्थी पहिल्याच चालीत यातला पहिला दंड ओढवून घेतो. म्हणून संघनिवडीपूर्वी क्रीडा विभागाने विद्यार्थी कसा खेळतो हे पाहण्याबरोबरच तो कोणत्या नियमांनी खेळतो, हेही विचारून घ्यावे.