हिरवी थकबाकी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढविणाऱ्या हौशी माणसाची खरी कसोटी टाकी भरण्याच्या दिवशी लागत नाही. ती लागते त्यानंतर काही महिन्यांनी, जेव्हा खडकांवर हिरव्या तंतूंचे विरळ झुबके उगवतात, पाहता पाहता बोट-दोन बोटे लांब होतात आणि प्रवाळांच्या बुडाशी शिरून त्यांचा प्रकाश अडवू लागतात. या केसाळ शैवालाचा बंदोबस्त कसा करावा, असे जो विचारतो, त्याला बहुधा ते मारण्याचे औषध हवे असते. वस्तुतः त्याने आधी विचारावयाचे ते हे की, शैवालाला पोसणारा, टाकीत रोज जमा होणारा फॉस्फरस बाहेर जातो तो कोणत्या वाटेने?

हा हिशेब अवघड नाही. माशांच्या कोरड्या खाद्यात सामान्यतः शेकडा एकच्या आसपास फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्याबरोबर सुमारे दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, अर्थात तीस मिलिग्रॅम फॉस्फेट पाण्यात उतरते. टाकी तीनशे लिटरची असेल तर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. प्रवाळभित्तींवरील स्वच्छ समुद्रजलात फॉस्फेटचे प्रमाण बहुधा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्याही खाली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका ग्रॅमची भर केवढी मोठी, हे उमगते. तथापि पाण्याची चाचणी घ्यावी तर फॉस्फेट शून्य निघते आणि खडक मात्र हिरवेगार! यात विसंगती काही नाही. पाण्यात शिल्लक दिसत नाही, कारण शैवालाने ती आपल्या खाती आधीच वळती करून घेतलेली असते. शिवाय चुनखडीचे खडकही फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झाल्यावर ते हळूहळू सोडीत राहतात. ही जुनी थकबाकी फिटावयास कित्येक महिने लागतात.

शैवालाची रचनाही मारेकऱ्याला सहजी दाद देणारी नव्हे. टाकीत आढळणाऱ्या केसाळ शैवालांत डर्बेसिया व ब्रायॉप्सिस या दोन प्रजाती प्रमुख. पहिलीचे तंतू साधे, दुसरीचे पिसासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता या तंतूत पेशींना विभागणारे आडवे पडदे जवळजवळ आढळत नाहीत. सबंध तंतू ही एक अखंड नळी असून तिच्या जीवद्रव्यात असंख्य केंद्रके व हरितकण असतात. अशी नळी तुटली तर सगळाच जीवनरस वाहून जावा, अशी आपली अपेक्षा. परंतु ब्रायॉप्सिस पिळून तिचे जीवद्रव्य समुद्राच्या पाण्यात सोडले असता ते विखुरलेले कण पुन्हा एकवटून त्यांभोवती नवे आवरण तयार होते आणि त्यातून पुढे नवी वनस्पती वाढू शकते, हे दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. सबब हे शैवाल टाकीतल्या टाकीत ओरबाडणे म्हणजे त्याची पेरणीच करणे होय. खडक बाहेर काढून घासावा. ते शक्य नसल्यास एका हाताने तंतू उपटीत दुसऱ्या हाताने नळी जवळ धरून तुकडे पाण्यासकट बादलीत ओढून घ्यावेत.

मग शैवाल खाणाऱ्या जीवांचे काय? त्यांचे सामर्थ्य केवढे, याचा दाखला कॅरिबियन समुद्राने दिला आहे. १९८३ च्या आरंभी पनामानजीक लांब काट्यांचे काळे समुद्री अर्चिन एकाएकी मरू लागले, आणि वर्षभरात ही साथ त्या समुद्रात सर्वदूर पसरून त्यांतील बहुसंख्य नष्ट झाले. जमैकात अतिरेकी मासेमारीने शैवालभक्षक मासे आधीच विरळ झाले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते; त्यात ही शेवटची फळीही कोसळली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथील प्रवाळांचे आच्छादन शेकडा ५२ वरून ३ वर आले आणि शैवालाचे ४ वरून ९२ वर गेले. टाकीतही गोगलगायी, अर्चिन व शैवालभक्षक मासे यांची गरज आहेच. फरक इतकाच की, समुद्रात त्यांची विष्ठा प्रवाहाबरोबर निघून जाते, तर काचेच्या चार भिंतींत खाल्लेल्या फॉस्फरसचा बराच भाग पुन्हा पाण्यातच येतो. ब्रायॉप्सिसवर हौशी मंडळी वापरतात त्या फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशकाचीही तीच गत; तंतू मरतात खरे, पण काढून न टाकल्यास कुजून आपला साठा पाण्याला परत करतात.

वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी या प्रश्नाला उलट दिशेने हात घातला. १९८० च्या सुमारास संग्रहालयात प्रवाळभित्तीची जिवंत प्रतिकृती चालविताना त्यांनी शैवालाला हाकलले नाही. त्याला निराळी जागा नेमून दिली. उथळ तबकात ताणलेली जाळी, तिच्यावर प्रखर प्रकाश आणि लाटेसारखे उसळून येणारे पाणी, अशी व्यवस्था केली की शैवाल तेथे जोमाने वाढते, पाण्यातील पोषकद्रव्ये शोषून घेते, आणि ठरावीक मुदतीने ते खरवडून टाकले की त्याच्यासह फॉस्फरसही कायमचा बाहेर पडतो. आज हौशी लोक टाकीखालच्या जोडटाकीत (संपमध्ये) अशीच जाळी बसवितात, किंवा कीटोमॉर्फा नावाचे तारेसारखे शैवाल वाढवून मधूनमधून त्याची मूठभर कापणी करतात. फेस काढणारे स्किमर, लोहाच्या ऑक्साइडचे फॉस्फेट धरून ठेवणारे दाणे आणि भरावयाच्या पाण्यासाठी आरओ यंत्र, ही त्याच कामातील जोडसाधने.

मात्र वसुलीचा अतिरेकही नको. प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरविणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही फॉस्फरस लागतो. नायट्रोजन भरपूर असून फॉस्फेट अत्यल्प झाले तर उष्णतेच्या व प्रकाशाच्या ताणाखाली प्रवाळ लवकर पांढरे पडतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तेव्हा कोणताही उपाय विकत घेण्यापूर्वी, त्याने काय मरेल यापेक्षा टाकीबाहेर काय जाईल, हे पाहावे. दर आठवड्याला जाळीवरून निघालेले शैवाल पिळून तोलावे. त्याचे वजन वाढत जाऊन खडकांवरचे झुबके खुंटू लागले, तर व्यवस्था मार्गी लागली असे समजावे. वजन जागच्या जागी राहून झुबकेच वाढत असतील, तर जाळीवरचा प्रकाश तरी अपुरा आहे, नाहीतर खाद्याची चिमूट मोठी आहे.