बंद केलेल्या यंत्रातली वीज

इस्त्री बंद केल्यावर लगेच तिच्या तळाला कुणी हात लावत नाही. ती काही वेळ गरम राहते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. शिवाय हात जवळ नेला की झळ लागते. म्हणजे इस्त्री स्वतःच आपल्याला सावध करते. विजेची काही यंत्रे मात्र बंद केल्यावरही धोकादायक असतात आणि त्याचा थांगपत्ता लागू देत नाहीत. ‘हॅम’ म्हणजे हौशी रेडिओचालक वापरतात, तो व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर हे त्याचे ठळक उदाहरण.

हॅमचा नेहमीचा रेडिओ संच साधारण १०० वॉट शक्तीने संदेश पाठवतो. समोरच्या केंद्राला तो नीट ऐकू जात नसेल, तर मध्ये ॲम्प्लिफायर जोडून शक्ती वाढवतात. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत बनलेली अशी यंत्रे आजही वापरात आहेत. त्यांचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने सोल्डर करता येतो, म्हणून दुरुस्तीची आवड असलेल्यांचा त्यांच्यावर जीव असतो.

आपल्या आजोबांच्या रेडिओत होते त्याच जातीचे, पण मोठे व्हॉल्व्ह यांत असतात. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन विद्युतभार असलेल्या प्लेटकडे धावतात. मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांचा ओघ कमी-जास्त करते. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. व्हॉल्व्हमधून प्रवाह जातो एका अँपिअरहून कमी. त्यामुळे हजार-दोन हजार वॉटचा हिशेब जुळवायला व्होल्टेज हजारांत न्यावे लागते. सगळ्या जोखमीचे मूळ इथे आहे.

कोणता चांगला?

जुन्या यंत्रांच्या तुलनेत तीन नावे हमखास येतात. कॉलिन्स कंपनीचा ‘३०एल-१’ हा १९६१चा. त्यात ‘८११ए’ जातीचे चार छोटे व्हॉल्व्ह असतात. हीथकिटच्या ‘एसबी-२००’मध्ये ‘५७२बी’चे दोन, तर १९७०च्या सुमारास आलेल्या ‘एसबी-२२०’मध्ये ‘३-५००झेड’चे दोन मोठे व्हॉल्व्ह. जाहिरातीतले आकडे अनुक्रमे १०००, १२०० आणि २००० वॉट. पण हे आकडे यंत्र आत घेते त्या शक्तीचे आहेत. अँटेनाकडे जाते ती त्यातली साधारण निम्मी ते साठ टक्के. उरलेल्याची उष्णता होते.

१००० आणि २००० वॉट म्हणजे दुप्पट फरक, असे कागदावर दिसते. ऐकणाऱ्याच्या कानाला तसे वाटत नाही. शक्ती दुप्पट झाली की सिग्नल तीन डेसिबलने वाढतो. रेडिओच्या सिग्नल मीटरवर एक घर सरकायला सहा डेसिबल लागतात. म्हणजे लहान यंत्राऐवजी मोठे घेतले, तर समोरच्याच्या मीटरचा काटा जेमतेम अर्धे घर पुढे जातो.

म्हणून निवडताना वॉटपेक्षा यंत्राची तब्येत पाहावी. कॉलिन्सची यंत्रे कारखान्यात जोडलेली असत. हीथकिटचे सुटे भाग खोक्यातून घरी येत आणि ग्राहक ते स्वतः जोडत असे. त्यामुळे दोन ‘एसबी-२२०’ कधीच अगदी सारखे नसतात. एकाचे सोल्डर चकचकीत, तर दुसऱ्याचे अर्धवट वितळलेले. शिवाय ‘एसबी-२२०’च्या रिलेच्या तारेवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. आजचा नाजूक संच मध्ये जुळणी न करता थेट जोडला, तर तो बिघडू शकतो. ही यंत्रे अमेरिकेच्या १२० आणि २४० या दोन्ही व्होल्टेजवर जोडता येतात. १२० व्होल्टची जोडणी असलेल्या यंत्राचा प्लग आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये गेला, तर पहिल्याच क्षणी मोठे नुकसान होते.

बिघाड कुठे शोधायचा?

आवाज क्षीण झाला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो, कारण तोच सर्वांत महाग. प्रत्यक्षात अँटेनाची जोडणी, काळवंडलेले रिलेचे संपर्क, चुकलेले ट्यूनिंग ही स्वस्त कारणे आधी तपासावीत. ‘३-५००झेड’ची प्लेट काम करताना मंद लाल दिसते, तो दोष नव्हे. दोनपैकी एकच लाल होत असेल, तर मात्र भार असमान वाटला जातो आहे. याउलट ‘८११ए’ लालबुंद झाला, तर त्याच्यावर झेपणार नाही इतका ताण आहे. व्हॉल्व्ह तापले आहेत, व्होल्टेज आहे, पण प्लेटचा प्रवाह शून्य? मग ‘एसबी-२२०’मधला झेनर डायोड तुटला असण्याची शक्यता मोठी. स्फोटासारखा आवाज होऊन फ्यूज गेला, तर डायोड, कपॅसिटर किंवा व्हॉल्व्हच्या आत झालेले शॉर्ट शोधावे. यातल्या बहुतेक तपासण्या यंत्राचा प्लग काढून, नुसता रोध मोजूनही होतात.

वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र एकदम चालू करणे हा सर्वांत महागडा उतावीळपणा. कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर वापराविना क्षीण होतो. अशा वेळी डिमरस्टॅट लावून व्होल्टेज काही तासांत हळूहळू वाढवतात.

मीटर शून्य दाखवतो, तरीही

आता मुख्य मुद्दा. पंख्यात असतो तसाच, पण कितीतरी मोठा ‘कंडेन्सर’ या यंत्रात असतो. ‘एसबी-२२०’मध्ये २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांवर मिळून सुमारे ३००० व्होल्ट असतात. त्यात साठलेली ऊर्जा शंभर जूलच्या वर जाते. थांबू पाहणाऱ्या हृदयाला रुग्णालयात देतात तो डीफिब्रिलेटरचा झटका साधारण १२० ते ३६० जूलचा असतो. तिथे डॉक्टर तो मोजून देतात. इथे तो कसाही, कुठूनही बसतो. छातीतून गेलेला सुमारे शंभर मिलिअँपिअर प्रवाहही हृदयाची लय बिघडवायला पुरतो.

यंत्र बंद केल्यावर ही वीज जिरवण्यासाठी प्रत्येक कपॅसिटरला एक रेझिस्टर जोडलेला असतो. सगळे ठीक असेल, तर अर्ध्या मिनिटात व्होल्टेज एक टक्क्यावर येते. पण आठांपैकी एक रेझिस्टर तुटला, तर बाकीचे सात रिकामे होतात आणि आठवा पावणेचारशे व्होल्ट धरून बसतो. अर्थिंगची काठी क्षणभर टेकवून उचलली, तरी त्यात तीनशेहून अधिक व्होल्ट उरतात. पुढच्या बाजूच्या मीटरवरही विसंबता येत नाही. त्याला जोडलेले जुने कार्बन रेझिस्टर वयाप्रमाणे बदलतात आणि मीटर कमी दाखवू लागतो. त्यांतला एखादा पूर्ण तुटला, तर तीन हजार व्होल्ट असतानाही काटा शून्यावर असतो.

म्हणून क्रम ठरलेला असावा. प्लग काढून नजरेसमोर ठेवायचा आणि काही मिनिटे थांबायचे. काठीची तार आधी चॅसिसला जोडायची, मग काठी उच्च व्होल्टेजच्या टोकाला लावायची आणि काम संपेपर्यंत तिथेच राहू द्यायची. त्यानंतर प्रत्येक कपॅसिटर वेगळा तपासायचा. घरगुती मल्टिमीटर ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचा असतो. तो तीन हजारांवर लावू नये. एक हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. अंगठी आणि घड्याळ काढावे. आणि हे काम एकट्याने करू नये.

जवळ असलेल्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते आधीच दाखवून ठेवावे. धक्का बसलाच, तर आधी स्विच बंद, मगच माणसाला हात. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. शुद्धीवर असला आणि ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याचा ईसीजी काढून घ्यावा.

असा ॲम्प्लिफायर बहुतेकांच्या घरात नसतो, हे खरे. पण मायक्रोवेव्ह ओव्हन असतो. त्यातला मॅग्नेट्रॉन हाही एक व्हॉल्व्हच, आणि त्याच्या शेजारी हजारो व्होल्टचा कपॅसिटर असतो. ओव्हन बंद पडला की ‘उघडून तर बघू’ असे म्हणत स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी हे आठवावे: प्लग काढला म्हणजे बाहेरून येणारी वीज थांबली. आत साठलेली गेली की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.