आडनाव पेणकर, भाषा कोणती?

पेणकर किंवा रोहेकर हे आडनाव ऐकलं की माणूस मराठी बोलणारा, असं आपण धरून चालतो. त्याच माणसाचं नाव सॅम्युएल निघालं, तर लगेच कौतुक होतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे!’ पेण, रोहा, अलिबाग या भागातल्या बेने इस्रायल ज्यूंसाठी हे कौतुक अगदीच अस्थानी आहे. तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पेणमध्ये त्यांचं प्रार्थनामंदिर १८६३ साली उभं राहिलं. घरात, घाण्यावर, बाजारात बोलणं मराठीच. शिकावी लागली ती हिब्रू, आणि तीही मराठीतून. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली या समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. वल्हांडणाच्या, म्हणजे ‘पासओव्हर’ सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. बायबलमधल्या पूर्वजांच्या कथांवर या समाजाने मराठी कीर्तनंही रचली.

यावर कोणी म्हणेल, जात-धर्मावरून भाषेची अटकळ बहुतेकदा बरोबर निघते, आणि काही समाज भाषेलाच आपली ओळख मानतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रोहा-मुरुडच्या बाजूला कोर्लईला पाहा. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये शेजारचं चौल सोडलं, तरी कोर्लई किल्ल्याखालच्या या गावातले ख्रिस्ती आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. पण हे धर्मामुळे म्हणावं, तर वसईचे ख्रिस्ती मराठीच्या जवळच्या बोली का बोलतात? कोर्लईत माणसं एकाच ठिकाणी राहिली, आपसांत लग्नं करत राहिली आणि मुलांशी तीच बोली बोलत राहिली. भाषा टिकते ती अशी, रोजच्या वापराने. वापर बदलला की तीही बदलते. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे जन्मलेल्या पेणकरांची रोजची भाषा हिब्रू आहे. आडनावावरून त्यांच्याकडून अस्खलित मराठीची अपेक्षा करणं, ही त्या कौतुकाचीच दुसरी बाजू.

चुकलेल्या अटकळीने मोठ्या माणसाचं फारसं बिघडत नाही, तो हसून सोडून देतो. लहान मुलाला मात्र ती भोवते. पेण आणि रोह्याच्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकऱ्यांची स्वतःची बोली आहे. पहिलीत आलेलं कातकरी मूल गप्प बसलं, की एक तर ‘रायगडचाच आहे, मराठी यायलाच हवं’ असं म्हटलं जातं, नाही तर ‘आदिवासी आहे, जमणार नाही’ असं. त्याच्या घरी कोणती बोली बोलतात, हे विचारायला एक मिनिट पुरतं, पण तेच राहून जातं. त्यात दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की अनेकदा मूलही सोबत जातं. पावसाच्या तोंडावर ते परततं, तेव्हा वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो. बोली वेगळी आणि वर्षातले कित्येक महिने शाळा नाही, ही दोन कारणं डोळ्यांसमोर असताना त्या मुलाच्या जातीकडे बोट दाखवणं मला अक्षम्य वाटतं.